मावशीचे सर्वनाम

सर्वनामांच्या तासाला मी दरवर्षी वर्गाला एक प्रश्न घालतो : आईला ‘अगं’ आणि वडिलांना ‘अहो’, असे का? उत्तर कुणालाच देता येत नाही. खरे सांगायचे तर मलाही नीटसे येत नाही. हा प्रश्न माझ्या डोक्यात भरवला तो साताऱ्याच्या आमच्या शेजारच्या मावशीने.

मावशी बेने इस्राएल. कोकणात नवगावच्या किनाऱ्याशी गलबत फुटून त्यांचे पूर्वज आले, अशी त्यांची परंपरा. तेल गाळीत आणि शनिवारी घाणा बंद ठेवीत, म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणत. आडनावे मात्र पेणकर, रोहेकर, अशी आपलीच. शुक्रवारी सांजेला मावशीकडे दिवा लागे आणि तासगावचे काळे मनुके भिजवून केलेल्या सरबतावर प्रार्थना होई. उरलेल्या सरबताचा मी हक्काचा वाटेकरी.

1993 साली ती मुलाकडे इस्राएलला गेली. तिची पहिली पत्रे वाचून आमच्या घरी हसून हसून पुरेवाट झाली. तिकडे बाजारात जो तो ‘अत्ता, अत्ता’ म्हणतो. एवढी कसली घाई, हे तिला कळेना. मग उलगडा झाला. हिब्रूत ‘अत्ता’ म्हणजे ‘तू’, तोही पुरुषाला, बाईला ‘अत’. आणि मोठ्या माणसाला? तेच! आदरार्थी ‘तुम्ही’ त्या भाषेत नाहीच. डॉक्टर, बसचा ड्रायव्हर, पंतप्रधान, सारे एका पंगतीत. बँकेतला विशीतला पोरगा तिला नुसत्या नावाने हाक मारी. साताऱ्यात चारचौघांत नवऱ्यानेसुद्धा तिचे नाव कधी घेतले नव्हते.

तिच्या आधी गेलेल्यांना याहून मोठे धक्के बसले होते. लग्नाच्या वेळी त्यांचे ज्यूपणच धर्मपंडितांनी तपासायला काढले. निदर्शने झाली, तेव्हा कुठे 1964 साली त्यांना सर्व बाबतींत ज्यू म्हणून मान्यता मिळाली. मावशीच्या वाट्याला ते आले नाही. तिचे दुखणे एवढेसे, सर्वनामाचे. पुढे तेही अंगवळणी पडले असावे. तिला ‘अत’ म्हणून ओरडणाराच ड्रायव्हर तिच्या पिशव्या खाली उतरवून देई, असे तिने एकदा लिहिले होते.

पत्रे कधीतरी थांबली. मी सांगलीला प्राध्यापक झालो. गेल्या दिवाळीत तिच्या नातवाने व्हिडिओ कॉल लावून दिला. ऐंशी ओलांडलेली मावशी समोर दिसली आणि मी आपला अदबीने म्हणालो, “मावशी, तुम्ही कशा आहात? सांगलीची हळद पाठवू का तुम्हांला?”

ती गप्पच झाली. मला वाटले, आवाज गेला.

“अरे,” ती म्हणाली, “इथं तीस वर्षं सगळं जग मला तू म्हणतंय. ते त्यांचं. ज्याचं तू ऐकायला कान लावून बसले, तो मेला अहोजाहो करतोय!”

मी इतका ओशाळलो, की काय बोलावे सुचेना. मराठीचा प्राध्यापक, आणि एका अक्षराला जीभ वळेना.

“हळद पाठवू का गं तुला?” मी कसेबसे विचारले.

“पाठव,” मावशी म्हणाली. “आणि मनुके विसरू नकोस.”