बाळाचं वजन आणि सूनबाईचं माहेर

शिरोडा

चि. बाबूस,



काल फोनवर तू बाळाचं वजन सांगितलंस, दोन किलो तीनशे ग्रॅम, आणि त्याच दमात म्हणालास, "तिच्या माहेरची सगळी माणसं बारक्या हाडाची. जनुकंच तशी, त्याला कोण काय करणार?" त्यानंतर तुझ्या आत्याला रात्री झोप लागली नाही. वजनाची धास्ती एवढी नव्हती. दिवस पूर्ण भरलेत, बाळ अंगावर नीट पितंय, म्हणजे ते वाढेल. धास्ती वाटली ती तुझ्या बोलण्याची. ओली बाळंतीण पलीकडच्या खोलीत, दार उघडं, आणि तू हे मोठ्याने बोललास. आपल्या घरात हे वाक्य पूर्वी एकदा बोललं गेलंय. ते कुणी कुणाला ऐकवलं आणि त्यापायी माजघरात किती वर्षं अबोला राहिला, ते तुला ठाऊक आहे. तरी तुझ्या तोंडून तेच यावं?

प्रश्न मात्र खरा आहे. आईच्या जनुकांवरून बाळाचं वजन ठरतं का? ठरतं, पण पूर्ण नाही. आणि एकट्या आईच्या जनुकांवरून तर नाहीच.

आईची जनुकं बाळापर्यंत दोन वाटांनी पोचतात. निम्मी जनुकं बाळाला वारसा म्हणून मिळतात, तेवढीच बापाकडूनही येतात. दुसरी वाट फक्त आईची. तिच्या शरीरात तिची सगळी जनुकं काम करत असतात. तिच्या रक्तात साखर किती, रक्तदाब किती, वारेतून बाळाला काय आणि किती पोचतं, यावर त्यांचा हात असतो. एखादं जनुक बाळाकडे आलेलंच नसलं, तरी त्याचा परिणाम बाळ नऊ महिने सोसत असतं. नॉर्वेत १९६७पासूनच्या जन्मनोंदींवरून नातलगांच्या बाळांची वजनं ताडून पाहिली गेली. २००७ साली निष्कर्ष आला की वजनांतल्या फरकाचा सुमारे ३१ टक्के भाग बाळाच्या स्वतःच्या जनुकांमुळे आणि सुमारे २२ टक्के आईच्या जनुकांमुळे होतो. म्हणजे पोटभर खाणाऱ्या त्या देशातही जवळजवळ निम्मा भाग जनुकांपलीकडचा निघाला. जिथे एका घरात दूध आहे आणि शेजारच्या घरात नुसती पेज, तिथे हे आकडे जसेच्या तसे लावताही येत नाहीत.

तुला लहानपणी घोड्यांचं वेड होतं, म्हणून हे ऐक. १९३८ साली केंब्रिजच्या वॉल्टन आणि हॅमंड या शास्त्रज्ञांनी शायर जातीचे थोराड घोडे आणि शेटलंडची बुटकी तट्टं यांचा कृत्रिम रेतनाने संकर केला. एका बाजूला आई शायर नि बाप शेटलंड, दुसऱ्या बाजूला बरोबर उलट. दोन्हीकडच्या शिंगरांत दोन्ही जातींचा वाटा निम्मा निम्मा. तरीही शायर घोडीच्या पोटचं शिंगरू दांडगं जन्मलं आणि शेटलंड घोडीचं जेमतेम तिच्या जातीएवढं. आईच्या शरीराने बाळाची वाढ तिला पेलेल एवढ्यावर राखली. बाळंतपणात बाई जगावी म्हणून निसर्गाने केलेली ही सोय आहे. तिला खोट म्हणायचं नसतं.

माणसांतलं उदाहरण याहून विलक्षण आहे. इंग्लंडमधल्या एक्सेटरच्या डॉ. अँड्र्यू हॅटर्सली यांनी १९९८ साली ते मांडलं. ग्लुकोकायनेज नावाचं एक जनुक आहे. रक्तातली साखर वाढलीय हे स्वादुपिंडाला त्याच्यामुळे कळतं. त्यात बिघाड असलेल्या आईची साखर जन्मभर थोडी चढी राहते. ती साखर वारेतून बाळाकडे जाते, बाळ जास्त इन्सुलिन बनवतं, आणि पोटातल्या बाळाला इन्सुलिन वाढवतं. असं बाळ सुमारे ६०० ग्रॅमने जड होतं. बिघाड आईत नसून फक्त बाळात असेल, तर त्याला साखरेचा सुगावा उशिरा लागतो, इन्सुलिन कमी पडतं आणि वजन सुमारे ५०० ग्रॅमने घटतं. दोघांतही असेल, तर बाळ नेहमीच्या वजनाचं! एकच जनुक, पण ते आईत आहे, बाळात आहे की दोघांत, यावर सगळं फिरतं. आता सांग, सासऱ्यांच्या हाडांकडे बघून तू यातलं काय ओळखणार होतास?

आणि तुझा स्वतःचा वाटा? आयजीएफ-२ हे पोटातली वाढ घडवणारं जनुक. त्याच्या आईकडून आलेल्या प्रतीला गर्भात कुलूप असतं आणि बापाकडून आलेली प्रत चालते. १९९१ साली उंदरांवर हे दाखवून दिलं गेलं. बिघडलेली प्रत बापाकडून आली तर पिल्लू नेहमीच्या सुमारे ६० टक्के वजनाचं झालं. तीच आईकडून आली तर काहीच फरक पडला नाही. तेव्हा बाळाच्या वजनात माहेर शोधायचंच असेल, तर आपल्या घराच्या उंबऱ्यापासून सुरुवात कर.

२०१९ साली अनेक देशांतल्या संशोधकांनी मिळून जन्मवजनाशी संबंध असलेल्या १९० जागा मानवी जनुकसंचात दाखवल्या आणि आईचा परिणाम बाळाच्या परिणामापासून वेगळा काढला. आईची साखर वाढवणारी जनुकं बाळाचं वजन वाढवतात, रक्तदाब वाढवणारी घटवतात. प्रत्येक जागेचा परिणाम अगदी थोडा. पुढे हैदराबादच्या सीसीएमबी या संशोधन संस्थेचे डॉ. गिरिराज चांडक आणि पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या सहभागातून हाच हिशोब आपल्याकडच्या बाळांनाही लावून पाहिला गेला. युरोपातल्या बाळांत जी जनुकं वजनाशी जोडलेली, ती आपल्या बाळांतही त्याच रीतीने जोडलेली दिसली. म्हणजे आपली बाळं लहान म्हणून आपली जनुकंच निराळ्या तऱ्हेने चालतात, हे म्हणणं टिकत नाही.

याज्ञिकांचं नाव निघालंच आहे, तर पुण्यात राहून तुला त्यांचं काम ठाऊक नसावं याचं वाईट वाटतं. १९९३पासून पुण्याजवळच्या सहा गावांत त्यांच्या माणसांनी दोन हजारांहून अधिक विवाहित बायकांची नोंद ठेवली. दर महिन्याला घरी जाऊन पाळीची तारीख विचारायची आणि दिवस राहिले की ती काय खाते, काय काम करते हे लिहायचं. त्या आयांचं गरोदरपणाआधीचं सरासरी वजन ४२ किलोच्या आसपास आणि उंची पाच फूट. बाळं सरासरी २.७ किलोची. इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची बाळं साडेतीन किलोची होती. आपल्या बाळांचे स्नायू आणि पोटातले अवयव बारीक, पण कातडीखालची चरबी त्या मानाने टिकून. वरून रोडकी, आतून चरबीची. मोठेपणी मधुमेह आपल्याकडे इतक्या लवकर का गाठतो, याचा एक धागा इथे सापडला.

आणि वजन वाढलं कशाने? एकूण उष्मांक आणि प्रथिनं यांचा वजनाशी ठळक संबंध दिसला नाही. संबंध दिसला तो दूध, हिरव्या पालेभाज्या आणि फळं यांचा. पाणी भरणं, शेतात राबणं यांचा भार जितका जास्त, तितकं बाळ लहान. हे वाचताना मिठागरातून डोक्यावर पाट्या वाहणाऱ्या इथल्या बाया समोर येतात. आषाढात गुडघाभर चिखलात वाकून लावणी करणाऱ्या, सातव्या-आठव्या महिन्यातल्या पोरी समोर येतात. झोळीचा काटा घेऊन वाडीवाडी हिंडणाऱ्या तुझ्या आत्याने त्यांची बाळं तोलली आहेत. दोन किलो, एकोणीसशे ग्रॅम. आणि दारात सासू उभी : "हिच्या माहेरचीच अंगकाठी तशी गो, सिस्टर." त्या पोरीच्या ताटात काय पडत होतं, ते कुणी बघितलं होतं का? "जास्त खाल्लंस तर पोर मोठं होऊन अडेल" असं सांगून तिच्या ताटातला भात काढून घेणारेही हेच लोक.

बाबू, आत्याचा जीव खरा कुठे तुटतो ते सांगते. गरोदरपणात खायला घालणं म्हणजे उशीर झालेला असतो. मुंबईच्या झोपडपट्ट्यांत २००६पासून डॉ. रमेश पोतदार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'सरस' प्रकल्प चालवला. पालेभाजी, फळं आणि दूध घातलेला खाऊ बायकांना दिवस राहण्याआधीपासून रोज दिला. ज्यांनी तो किमान तीन महिने आधी सुरू केला, त्यांची बाळं सरासरी ४८ ग्रॅमने जड भरली, पण सर्वांत रोडक्या आयांच्या बाळांना हा लाभ मिळाला नाही. शिवाय खाऊ घेणाऱ्यांत गरोदरपणातला मधुमेह बराच कमी आढळला. जी बाई लहानपणापासून उपाशी राहिलेली आहे, तिची कसर काही महिन्यांच्या खाऊने भरून निघत नाही. पुण्याच्या मंडळींनाही तेच कळलं असावं. २०१२मध्ये त्यांनी त्याच गावांत जन्मलेल्या, वयात येणाऱ्या मुलींना बी-१२ जीवनसत्त्व द्यायला घेतलं, पुढच्या पिढीचा विचार करून. आणि मुलांनाही दिलं, हे लक्षात ठेव.

आई स्वतः जन्मतः लहान असेल तर तिचं बाळही लहान होण्याकडे कल असतो. त्यात जनुकं असतात, पण आजीचं ताटही असतं. ज्या स्त्रीबीजापासून तुझं बाळ झालं, ते तुझ्या बायकोच्या शरीरात तयार झालं तेव्हा ती तिच्या आईच्या पोटात होती. त्या माउलीने तेव्हा काय खाल्लं होतं? तिला कुणी वाढलं होतं का, की सगळ्यांचं झाल्यावर पातेलं खरवडून ती जेवली? आपल्या घरात बांगड्याचा मधला तुकडा कुणाच्या पानात पडायचा ते आठव. शेगलाची भाजी, तांबडा माठ, अळू परसात फुकट उगवतं, कुळीथ घरचा असतो, नाचणी घरची असते. नसते ती मुलीला पहिल्या पंगतीला बसवायची रीत. तुझी लेक आता आली आहे. तिचं ताट तिच्या आईच्या आधी नाही, नंतरही नाही. दोघींचं तुझ्याबरोबर.

आता बाळाचं. पहिल्या काही दिवसांत वजन थोडं उतरतं, घाबरू नका. दोन आठवड्यांत ते जन्माच्या वजनावर यायला हवं, म्हणून दर आठवड्याला त्याच काट्यावर तोलून घ्या. आईच्या दुधाशिवाय काही नको. गुटी नको, मध तर मुळीच नको. बाळाला उघड्या अंगाने आईच्या छातीशी धरून ठेवा, तू धरलंस तरी चालतं. बाळंतिणीच्या लोहाच्या गोळ्या बाळंतपणानंतर १८० दिवस चालू राहायला हव्यात. तिला झोपू दे. रात्री बाळाला ढेकर काढायला तू ऊठ.

रक्तदाबाचं वर लिहिलं, त्यावरून एक गोष्ट मनात आली आहे, आणि आता लिहिताना हात स्थिर राहत नाही. दिवस भरलेलं बाळ कमी वजनाचं असेल, तर आईचा रक्तदाब शेवटच्या महिन्यात चढला होता का, हे विचारायला हवं. तू फोन ठेवता ठेवता म्हणालास की तिचे पाय अजून सुजलेले आहेत आणि सकाळपासून डोकं दुखतंय. जागरणाने दुखत असेल. पण बाळंतपणानंतरच्या पहिल्या आठवड्यातही रक्तदाब एकदम चढू शकतो, आधी कधी चढला नसला तरी. डोकं थांबेना, डोळ्यांपुढे अंधारी आली किंवा बरगड्यांखाली दुखू लागलं, तर उद्यापर्यंत थांबायचं नाही. तुला दोनदा फोन लावला, तू उचलला नाहीस. शेजारचा मुलगा या शेवटच्या पानाचा फोटो काढून तुला आधी पाठवतोय, बाकीचं पत्र पोस्टाने येईल. संध्याकाळ व्हायच्या आत तिचा रक्तदाब मोजून घे आणि वरचा नि खालचा, दोन्ही आकडे कळव.

तुझी,
आत्या