नाना, न्यूट्रल आणि धारूरचा घाट

मोटरसायकलचे गिअर एकेक करूनच का टाकावे लागतात, हे आम्हा आयटीवाल्यांना तरी पटकन कळायला हवं. कारसारखी चौथ्यावरून थेट दुसऱ्यावर उडी इथे नाही. गिअरबॉक्सच्या आत खाचा पाडलेला एक ड्रम असतो. लिव्हर दाबली की तो एक घर फिरतो, खाचांमधले फोर्क सरकतात आणि गिअरची पुढची जोडी अडकते. म्हणजे चक्क लिंक्ड लिस्ट! नेक्स्ट किंवा प्रीव्हियस, बस्स.

घोळ पुढेच आहे. लिस्ट तीच, पण 'नेक्स्ट' कुठे दाबायचं हे गाडीगणिक वेगळं. आमचे नाना (म्हणजे वडील) गेली वीसेक वर्षं स्प्लेंडर चालवतात. तिचे चारही गिअर पुढे चवड्याने दाबून पडतात, उतरवायचे टाचेने. न्यूट्रल एका टोकाला. गेल्या वर्षी घरात दीडशे सीसीची दुसरी गाडी आली. तिचा पहिला खाली, बाकी चार वर. नानांनी अंगणातच निकाल दिला, "ह्याचा गेर उलटाय की रं!"

नुसता उलटा असता तर हसून सोडून दिलं असतं. पण आमच्या गावाहून दूध घेऊन तेलगावकडे जायचं तर धारूरचा घाट उतरावा लागतो. अरुंद रस्ता, वळणं, त्यात हंगामात उसाचे ट्रॅक्टर. मागे दोन्ही बाजूंना भरलेले कॅन. अशा वेळी पायाला सवय स्प्लेंडरची, म्हणून गिअर उतरवायला टाच दाबली, तर या गाडीत तो चढतो! इंजिनची पकड हवी नेमकी तेव्हाच सुटते. आणि सपाटीवर वरचा गिअर टाकायला चवडा दाबला, तर तिसरा पडून मागचं चाक झटका देतं. डोक्याला फरक माहीत असून उपयोग नाही, घाईत पाय डोक्याला विचारत नाही.

पहिला खाली आणि बाकी वर, ही रचना का रुळली याचं उत्तर मला न्यूट्रलच्या जागेत दिसतं. ते पहिल्या-दुसऱ्याच्या मध्ये, अर्ध्या खाचेवर असतं. पूर्ण दाब दिला की त्याला ओलांडून जाता. घाबरून चवडा दाबतच राहिलात तरी शेवटी पहिला गिअर लागतो, न्यूट्रल नाही. स्प्लेंडरमध्ये टाच दाबत राहिलात तर मात्र शेवटचं स्टेशन न्यूट्रल. सिग्नलला हे फार सोयीचं, शिवाय चपलेच्या अंगठ्याने लिव्हर उचलायची कटकट नाही. म्हणून शहरात मला स्वतःला स्प्लेंडरचीच पद्धत आवडते. घाटात नाही.

(बुलेटवाल्यांचं तर विचारूच नका. इंग्रजी गाड्यांच्या पद्धतीने तिचा गिअर उजव्या पायाला आणि ब्रेक डाव्या पायाला होता, तोही वर एक, खाली तीन. १९७०च्या दशकाच्या मध्यात अमेरिकेने गिअर डाव्या पायालाच असा नियम केला आणि जगातल्या कंपन्या हळूहळू वळल्या. आपल्याकडे उजव्या गिअरची बुलेट त्यानंतरही कित्येक वर्षं बनत राहिली. रेसिंगवाले अजूनही मुद्दाम उलटं करून घेतात, कारण डावीकडे झुकलेल्या गाडीखाली पाय घालून लिव्हर उचलायला जागाच उरत नाही.)

असो. शेवटी आम्ही दुधाला स्प्लेंडर आणि लग्नकार्याला नवी गाडी अशी वाटणी केली. पण नानांची दुसरी सवय जाईना : घाट लागला की न्यूट्रल. "पेट्रोल वाचतं." आमच्या भागात निम्मे लोक हेच करतात. मग सगळं वजन ब्रेकवर, आणि ड्रम ब्रेक तापला की पकड सोडतो. मी भौतिकशास्त्र सोडून पेट्रोलवरच आलो. २०२० च्या बीएस-६ नियमांनंतर गाड्यांमध्ये फ्यूएल इंजेक्शन आलं. तशा गाडीत गिअर टाकून, ॲक्सिलरेटर सोडून उतरलं की इंजेक्टर पेट्रोल बंद करू शकतो. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला ते लागतंच. आमची स्प्लेंडर जुनी, कार्ब्युरेटरवाली, म्हणून तिला हे लागू नाही. ते त्यांनी लगेच पकडलं.

"आन् नव्या गाडीत?"

"नव्या गाडीत गिअरमध्येच स्वस्त पडतं."

"मग उतारावर गाडी हळू हुती त्याचं काय?"

"नाना, हळू व्हावी म्हणूनच तर!"