गोळी बंद करण्याची तारीख

पोट लहान करण्याच्या ऑपरेशनची चर्चा आमच्या शिरूर-दौंडकडे निघते ती वजनापाशी सुरू होते आणि वजनापाशीच संपते. किती किलो उतरले, साखरेची औषधं सुटली का, जिना चढता येतो का. मी स्वतः हे ऑपरेशन करून घेतलं आहे, त्यानंतर ट्रॅमाडॉल या दुखण्यावरच्या गोळीत अडकले होते आणि तिच्यातून बाहेरही आले आहे. त्या अनुभवाच्या आधारे मला या चर्चेत एकच प्रश्न घालायचा आहे: दुखण्यावरची गोळी बंद कधी करायची, हे नेमकं कोण ठरवतं? माझं म्हणणं असं की बहुतेक वेळा ते कोणीच ठरवत नाही. पेशंटला नशा हवी असते, त्याचं मन कच्चं असतं, अशी सवयीची कारणं लोक सहज देतात. पण सवयीचं मूळ फार वेळा त्या न ठरवण्यातच असतं.

हे कसं घडतं ते नीट पाहायला हवं. असं ऑपरेशन करायचं तर आमच्याकडची माणसं पुण्याला जातात. दौंडहून रेल्वे आहे, शिरूरहून नगर रस्त्याने साठ-सत्तर किलोमीटर. काही दिवसांत पेशंट घरी परततो आणि मग त्याचं दुखणं गावातल्या फॅमिली डॉक्टरकडे आणि कोपऱ्यावरच्या मेडिकलकडे येतं. सर्जनने बजावलेलं असतं की डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन, अ‍ॅसिक्लोफेनॅक यांतलं काही घ्यायचं नाही. त्याला पक्कं कारण आहे: या ऑपरेशनच्या एका प्रकारात, पोटाच्या बायपासमध्ये, आतडं जिथे नव्याने जोडलेलं असतं, तिथे या गोळ्यांनी व्रण होतो, रक्तस्राव होऊ शकतो, क्वचित छिद्रही पडतं. स्लीव्ह या दुसऱ्या प्रकारच्या ऑपरेशनात ही बंदी थोडी सैल असते, इतकंच. आता गुडघे आणि कंबर तर दुखतच असतात. अनेक वर्षं जादा वजन पेललेला सांधा वजन उतरलं म्हणून नवा होत नाही, आणि उसाच्या रानात किंवा रांजणगावच्या कारखान्यात उभ्याने पाळी करणाऱ्याला विश्रांती परवडत नाही. मग डॉक्टरच्या हातात उरतं काय? पॅरासिटामॉल, आणि ते पुरेना की ट्रॅमाडॉल, बहुधा दोन्ही एकाच गोळीत. पाकिटावर मोठ्या अक्षरांत कंपनीने ठेवलेलं नाव असतं. आत अफूच्या कुळातलं औषध आहे हे घेणाऱ्याला कोणी सांगितलेलं नसतं. सर्जनला वाटतं पुढचं गावातला डॉक्टर बघेल, गावातल्या डॉक्टरला वाटतं ही गोळी मोठ्या हॉस्पिटलने चालू केली आहे, मी कशी बंद करू? दोघांचाही हेतू चांगला असतो, आणि गोळी चालू राहते.

हा माझ्या एकटीचा ग्रह नाही. अमेरिकेत २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अशी ऑपरेशनं झालेल्या ११,७१९ जणांची माहिती तपासली गेली. त्यांतले जे आधीपासून सतत अफूवर्गीय गोळ्या घेत होते, त्यांपैकी ७७ टक्के लोक ऑपरेशननंतरच्या वर्षातही त्या सतत घेत राहिले, आणि त्यांचा सरासरी डोस कमी होण्याऐवजी वाढला. २०१७ मधला दुसरा अभ्यास मला जास्त महत्त्वाचा वाटतो, कारण त्यात माणसांची सात वर्षं पाहणी झाली. नियमित गोळी घेणाऱ्यांचं प्रमाण ऑपरेशनआधी १४.७ टक्के होतं, सहा महिन्यांनी १२.९ वर उतरलं आणि सातव्या वर्षी २०.३ वर गेलं. ज्यांना आधी ही गोळी लागतच नव्हती, त्यांच्यातही सात वर्षांत १४.२ टक्के जण नियमित घेऊ लागले. आकड्यांची चाल पाहा. ऑपरेशनला सहा महिनेच झालेले असतात तेव्हा प्रमाण खाली असतं. ते चढतं नंतर, जेव्हा सर्जनकडच्या फेऱ्या थांबलेल्या असतात. ऑपरेशनची जखम हे याचं कारण असतं तर आलेख उलटा दिसला असता.

या पेशंटच्या बाबतीत एक गोष्ट मुद्दाम सांगायला हवी, कारण ती सोसल्याशिवाय सहसा लक्षात येत नाही. ट्रॅमाडॉल एकदम थांबवलं की घाम सुटतो, जुलाब होतात, पोटात कळा येतात, छाती धडधडते, जांभया येतात, नाक गळतं, पाय स्वस्थ राहत नाहीत, झोप उडते. पोटाच्या बायपासनंतर गोड किंवा जड खाल्लं की होणाऱ्या डंपिंगमध्येही घाम, धडधड, कळा आणि जुलाब असतातच. त्यामुळे गोळी सुटल्याचा त्रास हा खाण्यातल्या चुकीचा त्रास समजला जातो, घरचे पथ्यावरून बोलतात आणि पुन्हा गोळी घेतली की बरं वाटतं, म्हणून गोळी हेच औषध ठरतं. शिवाय ट्रॅमाडॉलने काहींची रक्तातली साखर उतरते, आणि बायपासनंतरही ती उतरू शकते. जास्त डोसात झटके येण्याचा धोका आहे, नैराश्यावरच्या काही औषधांबरोबर तो वाढतो. इतकं सगळं एकाच शरीरात गुंतलेलं असताना पेशंटने स्वतःच्या बुद्धीने मार्ग काढावा, ही अपेक्षा मला अन्यायाची वाटते.

यावर गंभीर आक्षेप घेतला जातो तो असा की हे अमेरिकेचं दुखणं आहे. भारतात उलट कॅन्सरच्या पेशंटला मॉर्फिन मिळत नाही. अशा लेखांनी भीती वाढेल आणि त्याचे हाल होतील. यातला मॉर्फिनचा भाग मला पूर्ण मान्य आहे. १९८५ च्या अमली पदार्थ कायद्यात २०१४ साली दुरुस्ती करावी लागली ती याच हालांमुळे. पण मॉर्फिनची टंचाई आणि ट्रॅमाडॉलची सवय एकाच तालुक्यात एकाच वेळी असू शकतात. २०१९ च्या राष्ट्रीय पाहणीत अफूवर्गीय पदार्थांच्या समस्येने ग्रासलेल्यांची मोठी संख्या असलेल्या राज्यांत महाराष्ट्राचं नाव आहे. मी गोळी देऊ नका म्हणत नाही, ती कुठवर द्यायची ते आधी ठरवा म्हणते. दुसरा आक्षेप, अशी ऑपरेशनं करून घेणारे मूठभर पैसेवाले. तेही आता तितकं खरं नाही. २०१९ च्या विमा नियमांनुसार बीएमआय ४० किंवा त्याहून जास्त असेल, किंवा ३५ किंवा त्याहून जास्त आणि सोबत ठरावीक गंभीर आजार असतील, तर केवळ लठ्ठपणाचं ऑपरेशन म्हणून दावा नाकारता येत नाही. नोकरदाराच्या घरातही हे ऑपरेशन पोचलं आहे.

तिसरं म्हणणं असं की कायदा कडक आहेच. आहे. एप्रिल २०१८ पासून ट्रॅमाडॉल अमली पदार्थांच्या कायद्याखाली आलं. त्याआधीपासून ते एच-वन यादीत आहे: विकताना डॉक्टरचं नाव, पेशंटचं नाव, औषध आणि संख्या वेगळ्या रजिस्टरमध्ये लिहायची आणि ते रजिस्टर तीन वर्षं जपायचं. म्हणजे कोण किती महिने ही गोळी घेत आहे, याची नोंद शिरूरच्या आणि दौंडच्या मेडिकलमध्ये असायलाच हवी. पण ती ठेवायची तपासनिसासाठी. पेशंटच्या डॉक्टरने ती पाहावी अशी सोय कुठेच नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये दौंड तालुक्यातल्या कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतीत पुणे पोलिसांनी मेफेड्रोन या अमली पदार्थाचा प्रचंड साठा पकडला तेव्हा सगळा जिल्हा हादरला, आणि हादरायलाच हवं होतं. चिठ्ठीवर मिळणाऱ्या गोळीने मात्र कोणी हादरत नाही. तिच्यात अडकलेला माणूस स्वतःला व्यसनी समजत नाही, आणि म्हणून मदतही मागत नाही.

म्हणून सर्जनांना माझी विनंती आहे की डिस्चार्ज कार्डावर गोळी सुरू करण्याच्या तारखेशेजारी ती बंद करण्याची तारीख लिहा, त्यापुढे दुखलं तर कोणाकडे जायचं ते लिहा, आणि गावातल्या डॉक्टरला एक फोन करा. गावातल्या डॉक्टरांनी तिसऱ्यांदा तीच चिठ्ठी लिहिण्याआधी गुडघ्याचा व्यायाम, फिजिओथेरपी, लावायची औषधं यांचा विचार करावा. आणि जे आज ही गोळी रोज घेत आहेत त्यांनी हे वाचून ती उद्या फेकून देऊ नये. डोस डॉक्टरच्या देखरेखीखाली हळूहळू उतरवावा लागतो, आणि तो उतरतो. पुण्यात मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र १९८६ पासून काम करतं आहे. सरकारची व्यसनमुक्तीची हेल्पलाइन १४४४६ या क्रमांकावर आहे. गोळी डॉक्टरच्या चिठ्ठीवर सुरू झाली असली, तरी तिथे फोन करायला काहीच हरकत नाही.