तिघांनी भरलेलं रंगभवन

२६ मार्च १९८०. सत्तरचं दशक नुकतंच सरलं होतं आणि मुंबईत धोबी तलावाच्या रंगभवनात ‘द पोलिस’ हा इंग्लंडचा बँड वाजवणार होता. ‘मेसेज इन अ बॉटल’ आणि ‘वॉकिंग ऑन द मून’ ही त्यांची गाणी आदल्याच वर्षी ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर पोचली होती. ऐन भरातला असा बँड आपल्याकडं येणं तेव्हा फार अप्रूपाचं होतं. एरवी ही गाणी आमच्यापर्यंत पोचायची ती काळ्या घोड्याच्या ऱ्हिदम हाउसमधल्या तबकड्यांतून, नाहीतर कुणाच्या परदेशातल्या नातेवाइकानं आणलेल्या कॅसेटमधून.

मी येडशी गावचा, शिकायला मुंबईत आलेला. रॉकची गोडी वसतिगृहातल्या मित्रांनी लावली, तिकिटंही त्यांनीच काढली. कार्यक्रम टाइम अँड टॅलेंट्स क्लब या महिलांच्या समाजसेवी संस्थेनं ठेवला होता. त्यामुळं पुढं प्रतिष्ठित वडीलधारी मंडळी आणि मागं आम्ही कॉलेजची पोरं.

वर उघडं आभाळ, रंगमंचावर फक्त तिघं. बास वाजवत गाणारा स्टिंग, गिटारवर अँडी समर्स, ड्रम्सवर स्ट्यूअर्ट कोपलंड. त्यांच्या गाण्यांत जमैकाच्या रेगेची चाल मिसळलेली. त्या चालीत गिटार ठोक्यावर पडत नाही, दोन ठोक्यांच्या मधे पडते. बास चार सूर बोलून गप्प होतो. कोपलंड हाय-हॅटवर बारीक नक्षी काढत राहतो आणि जिथं दणका हवासा वाटतो, नेमकी तीच जागा मोकळी सोडतो. त्या मोकळ्या जागेत आपलं अंग आपसूक हलायला लागतं. ‘रॉक्सान’ सुरू झालं तेव्हा आमच्या रांगेत कुणीच बसलेलं नव्हतं. मी घसा बसेपर्यंत ओरडलो.

लगोलग चैत्री पौर्णिमा आली. येरमाळ्याच्या येडेश्वरी देवीची यात्रा आमच्या घरातलं कुणी चुकवत नाही. कुर्डुवाडीला बार्शी लाइट रेल्वेच्या छोट्या गाडीत बसून येडशीला उतरलो आणि घरच्यांबरोबर येरमाळा गाठलं. उदो उदोच्या गजरात, आराध्यांच्या गर्दीत एका बाजूला गोंधळ चालला होता. संबळ, तुणतुणं, झांज. इथंही तिघंच! संबळवाला तोडा वाजवून हात उचलायचा, तुणतुण्याची तार तेवढी चालू राहायची आणि झांज बरोबर मधल्या फटीत पडायची. लहानपणापासून कानावर असलेला गोंधळ त्या रात्री मी जीव लावून ऐकला. कोण कधी थांबतो, कोण कुणासाठी जागा सोडतो, हे रंगभवनात ऐकल्यामुळं इथं उमगत गेलं.

एकमेकांकडं कान असलेली तीन माणसं मोठं मैदान भरून टाकतात, हे मी दोन्हीकडं अनुभवलं. आता यात्रांत आणि मिरवणुकांत ध्वनिवर्धकांच्या भिंती उभ्या राहतात, आणि त्यांत ही मधली जागाच बुजून जाते. रंगभवनातले कार्यक्रमही पुढं शांतता क्षेत्राच्या नियमामुळं थांबले. रुग्णालयांच्या शेजारी तो नियम योग्यच आहे. पण मुंबईनं दुसरीकडं तसा खुला रंगमंच उभारावा, स्वस्त तिकिटांचा, आणि तिथं एका संध्याकाळी रॉक बँड वाजला तर दुसऱ्या संध्याकाळी येरमाळ्याचे गोंधळी मानानं बोलवावेत. दोन्हीकडची पोरं दोन्ही ऐकतील, आणि दोन्ही त्यांना आपलंच वाटेल.