पालीचा मुडदूस

पाल दिसली की आपल्याकडे आधी किंकाळी, मग झाडू. त्यामुळे न्यू जर्सीत राहणाऱ्या माझ्या ११ वर्षांच्या भाच्याने "मी गेको पाळलाय" असं फोनवर सांगितलं, तेव्हा आमच्या आईने आधी देवाचं नाव घेतलं. गेको म्हणजे पालच. भाच्याने आणली होती ती लेपर्ड गेको. पिवळसर अंगावर काळे ठिपके, म्हणून तिचं नाव बुंदी.

लेपर्ड गेको मूळची अफगाणिस्तान, पाकिस्तान आणि वायव्य भारतातल्या कोरड्या, खडकाळ भागातली. आपल्या घरातल्या पालीसारखी ती भिंतीवर चढत नाही आणि तिला पापण्या असतात. नीट सांभाळली तर १५ ते २० वर्षं जगते.

आठ-नऊ महिन्यांनी व्हिडिओ कॉल आला. "मावशी, तू लहान मुलांची डॉक्टर आहेस ना? मग बुंदीला बघ. ती चालत नाही." बुंदी पोट घासत सरकत होती. पुढचे पाय बाहेरच्या बाजूला वाकलेले, बोटं थरथरत होती. किडा समोर असूनही तिला तो तोंडात धरता येत नव्हता.

पालींवर उपचार करणं हे माझं काम नाही. पण वाकलेले पाय आणि थरथर मी बाळांमध्ये पाहिलेली आहे. आपण त्याला मुडदूस म्हणतो. मी बहिणीला सांगितलं, आजच्या आज सरपटणाऱ्या प्राण्यांवर उपचार करणारा पशुवैद्य शोध. मेहुणे म्हणाले, "एक्स-रेच्या पैशात अशा दोन पाली येतील." भाचा एवढंच म्हणाला, "पण त्यातली एकही बुंदी नसेल." मग ते गेले.

एक्स-रेत हाडं विरळ दिसली, एका मांडीला जुनं फ्रॅक्चरही होतं. निदान झालं 'मेटाबॉलिक बोन डिसीज'. पाळलेल्या गेकोंमध्ये हा आजार नेहमी आढळतो आणि तो बहुतेक वेळा टाळता येण्यासारखा असतो.

हे होतं कसं? स्नायू आणि हृदय चालायला रक्तात कॅल्शियम ठरावीक प्रमाणात लागतंच. आहारातून मिळालं नाही, तर शरीर ते हाडांमधून काढून घेतं. रोजची बचत संपल्यावर घरातलं सोनं मोडावं, तसं. बुंदीला नुसते रातकिडे मिळत होते. गेकोच्या आहारात कॅल्शियम हे फॉस्फरसच्या साधारण दुप्पट असावं लागतं. रातकिड्यात नेमकं उलटं, फॉस्फरस कितीतरी जास्त. म्हणून किड्यांना आधी पालेभाजी, गाजर असं सकस खाऊ घालायचं आणि देण्यापूर्वी कॅल्शियमच्या पावडरीत घोळवायचं. दुकानदाराने मात्र 'पावडरीची गरज नाही' असं सांगितलं होतं.

दुसरा मुद्दा ड जीवनसत्त्वाचा. ते नसेल तर खाल्लेलं कॅल्शियम आतड्यातून नीट शोषलं जात नाही. अतिनील 'बी' किरण त्वचेवर पडले की ते तयार होतं. बर्लिनमध्ये कुर्ट हुल्डशिन्स्की या बालरोगतज्ज्ञाने १९१९ साली मुडदूस झालेल्या मुलांवर अतिनील दिव्याने उपचार केले आणि त्यांची हाडं सुधारलेली एक्स-रेवर दाखवली. बुंदीची पेटी खिडकीपाशी होती, 'ऊन मिळतंय' असं सगळ्यांना वाटत होतं. पण साधी काच हे किरण जवळजवळ सगळे अडवते. बंद खिडकीच्या आतून बाळाला ऊन दाखवणाऱ्या आयांना मी हेच सांगते. मात्र काचेची पेटी उचलून थेट उन्हात ठेवू नका, ती भट्टीसारखी तापते.

तिसरा मुद्दा उष्णतेचा. पालीचं शरीर स्वतः ऊब तयार करत नाही, पचनही बाहेरच्या उबेवर चालतं. पेटीचा एक कोपरा ३१ ते ३३ अंश सेल्सिअस आणि दुसरा २५ च्या आसपास असावा, म्हणजे ती हवी तशी जागा बदलते. गरम करणाऱ्या उपकरणाला थर्मोस्टॅट हवाच, नाहीतर पोट भाजतं.

बुंदीला पातळ कॅल्शियम, डी३ आणि अतिनील दिवा सुरू झाला. प्रमाण पशुवैद्यानेच ठरवलं, कारण डी३ जास्त झालं तरी अपाय होतो. काही आठवड्यांत थरथर थांबली, ती स्वतः किडे पकडू लागली. पाय मात्र वाकडेच राहिले. बाळांचा मुडदूस वेळेत कळला तर वाढीबरोबर पाय बरेचदा सरळ होतात. तिच्या बाबतीत तसं झालं नाही.

इतर तक्रारींचं मूळही बरेचदा पेटीतच असतं. हवा कोरडी असेल तर कात पूर्ण निघत नाही, बोटांवर तिची कडी राहते, रक्तपुरवठा बंद होतो आणि बोट गळतं. पेटीत एक ओलसर आडोसा ठेवा. कात अडकलीच तर कोमट, उथळ पाण्यात १५ मिनिटं ठेवून ओल्या कापसाच्या काडीने हलकेच सोडवा, ओढू नका. पापणीखाली कात अडकली तर घरी प्रयोग नकोत. खाली वाळूऐवजी टिश्यू पेपर बरा. वाळू गिळली तर आतडं तुंबू शकतं. शेपूट हा तिचा चरबीचा साठा. ती बारीक होत चालली तर जंत किंवा क्रिप्टोस्पोरिडियमसारखा परजीवी असू शकतो, विष्ठा तपासायला हवी. आठवड्यातून एकदा वजन करून लिहून ठेवा. घटणारं वजन डोळ्यांआधी काट्याला कळतं.

आता माझ्या विषयाकडे. बहिणीची धाकटी लेक दोन वर्षांची आहे. निरोगी दिसणाऱ्या पालीच्या विष्ठेतही साल्मोनेला जिवाणू असू शकतात आणि लहान मुलांमध्ये हा संसर्ग रक्तापर्यंत जाऊ शकतो. पाच वर्षांखालचं मूल असलेल्या घरात सरपटणारे प्राणी नकोत, असं अमेरिकेच्या सीडीसीचंही सांगणं आहे. ६५ च्या पुढच्या आणि प्रतिकारशक्ती कमी असलेल्या माणसांनाही हा धोका जास्त. बुंदी बरी होत असताना हे भाच्याला सांगणं अवघड होतं. तो रडला, दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. मग त्यानेच तोडगा काढला. बुंदी आता त्याच्या मित्राकडे असते, तिथे लहान मूल नाही. हा दर रविवारी जाऊन वजन करतो, पेटी साफ करतो आणि साबणाने हात धुऊन घरी येतो. पेटीतली भांडी स्वयंपाकघरात धुवायची नाहीत, हे त्याने मित्राच्या आईलाही बजावलंय.

वाचून कोणाला हौस वाटली तर एक विनंती. आपल्याकडच्या रानातली पाल पकडून पाळू नका. ईशान्य भारतातली टोके गेको तर वन्यजीव संरक्षण कायद्याखाली संरक्षित आहे. आणि कुठलाही प्राणी घरी आणण्याआधी त्याला बघणारा डॉक्टर गावात आहे का, हे आधी विचारून घ्या.