व्हाइट सिटीचे मैदान आणि खोटा ससा



लंडनला जाऊन आलो म्हटल्यावर राणीचा राजवाडा पाहिला का, मोठे घड्याळ पाहिले का, असे गावात सगळे विचारतात. ते पाहिलेच. पण तुम्हाला सांगायचे आहे ते आता तिथे नसलेल्या एका मैदानाविषयी.

लेकीकडे गेलो होतो. एके दिवशी भुयारी रेल्वेने पश्चिम लंडनमधील व्हाइट सिटी स्टेशनावर उतरलो. आता तिथे मोठमोठ्या कचेऱ्या उभ्या आहेत. आवारातल्या फरशीवर एक खूण दिसते. १९०८ च्या ऑलिंपिकमध्ये धावपटू जिथे शर्यत संपवीत, ती ही जागा. मॅरेथॉनचे आजचे ४२.१९५ किलोमीटर अंतर त्याच वर्षीच्या शर्यतीवरून पडले.

पुढे १९२७ साली याच मैदानावर ग्रेहाऊंड कुत्र्यांच्या शर्यती सुरू झाल्या. ग्रेहाऊंड म्हणजे लांब पायांचा, खोल छातीचा, आत गेलेल्या पोटाचा कुत्रा. आपल्या लातूरकडचा कारवानी आठवा, तशीच घडण. हा कुत्रा वासावर नाही, नजरेवर शिकार धरतो. पूर्वी त्याला जिवंत सशामागे सोडीत. अमेरिकेत ओवेन पॅट्रिक स्मिथ यांनी यंत्राने रुळावरून पळणारा खोटा ससा तयार केला. तो १९२६ साली मँचेस्टरला आला आणि वर्षभरात लंडनला. दिवसभर राबलेला कामगार संध्याकाळी दिव्यांच्या उजेडात शर्यत पाहू लागला. हातात चार शिलिंग असले तर पैजही लावू लागला.

या मैदानाचा लाडका कुत्रा मिक द मिलर. आयर्लंडच्या एका खेड्यात धर्मगुरूच्या घरी तो वाढला. लहानपणी डिस्टेंपरने मरता मरता वाचला. त्याने १९२९ आणि १९३० अशी लागोपाठ दोन वर्षे डर्बी जिंकली. सुमारे ४८० मीटर अंतर त्याने तीस सेकंदांच्या आत कापले. भुसा भरून ठेवलेले त्याचे शरीर ट्रिंगच्या संग्रहालयात आहे.

मग असे मैदान मोडले का? १९६० च्या कायद्याने पुढच्या वर्षापासून पैजेची दुकाने गल्लोगल्ली उघडली. मैदानावर न जाता पैज लावता येऊ लागली. मंडळी, इथेच खरी मेख आहे. ज्यांचे लक्ष कुत्र्यापेक्षा पैशाकडे होते, त्यांना मैदानाची गरज उरली नाही. गर्दी ओसरली, आणि शहरातल्या जागेचे मोल मात्र वाढत गेले. सप्टेंबर १९८४ मध्ये शेवटची शर्यत झाली. १९८५ मध्ये मैदान पाडले आणि बीबीसीने तिथे इमारती बांधल्या.

आणि कुत्र्यांचे काय? ग्रेहाऊंड बारा-तेरा वर्षे जगतो, पण शर्यतीत तीन-चार वर्षांचा झाला की त्याचे काम संपत येते. निकामी ठरलेली कितीतरी कुत्री मारली गेली. त्यांना घरे मिळवून देण्यासाठी १९७५ साली तिथे एक संस्था निघाली. शर्यती सुरू होऊन तोवर जवळजवळ पन्नास वर्षे झाली होती.

त्या खुणेजवळ उभा असताना मला आमच्या भागातला एक शेतकरी आठवला. बैल जिवापाड सांभाळायचा. पुढे शर्यतीवर पैज लावू लागला. एका हंगामात कांद्याचे पैसे गेले, दुसऱ्या हंगामात बैलजोडी गेली. त्याची बायको माझ्याकडे बियाण्याच्या कर्जाची चौकशी करायला आली, तेव्हा मला हे कळले.

आपल्याकडे २०१४ साली बैलगाडा शर्यती बंद झाल्या होत्या. २०२१ च्या डिसेंबरात अटींवर परवानगी मिळाली आणि २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राज्याचा कायदा मान्य केला. शौक जरूर करा. जोडीला पेंड घाला, खूर पाहा, चाबूक-खिळा दूर ठेवा. मात्र पैज लावू नका. आणि बैल थकल्यावर त्याला गोठ्यात जागा राहील ना, हे आधी ठरवा.

कुत्र्याला ससा खोटा आहे हे कळत नव्हते. आपल्याला कळते.