पाण्याखालचा तांबडा रंग

माणूस साठीच्या घरांत आला म्हणजे त्यानें नवी हौस जडवून घेऊं नये, असें आमच्याकडचीं जुनीं माणसें म्हणत. त्या म्हणण्यांत तथ्य आहे, हें मला गेल्या वर्षीं पटलें. परंतु तें पटेपर्यंत हौस जडून गेली होती! घरांत चांगला चालता कॅमेरा असतांना मीं दुसरा घेण्याचें मनांत आणलें, आणि तोहि साधासुधा नव्हे, तर पाण्याखालीं छायाचित्रें घेणारा.

आम्ही नवी मुंबईंत नेरूळला राहतों. खिडकींतून खाडीची कड आणि तिवरांची हिरवी रेघ दिसते, आणि हिवाळा लागला म्हणजे रोहित पक्ष्यांचे गुलाबी थवे येऊन उतरतात. ठाण्याच्या खाडीचा कांहीं भाग २०१५ सालीं या पक्ष्यांचें अभयारण्य म्हणून जाहीर झाला. आमच्या इमारतींतील निम्मे पेन्शनर सकाळीं चहा घेऊन लांब भिंगांचे कॅमेरे गळ्यांत अडकवितात आणि त्या थव्यांच्या मागें लागतात. मीहि त्यांतलाच एक. पाण्यावर एका पायावर उभा असलेला पक्षी कसा टिपावा, याविषयीं मी कोणालाहि चार शब्द सांगूं शकेन. परंतु पाण्याच्या वरची विद्या पाण्याच्या खालीं मुळींच चालत नाहीं, हें मला कोठें ठाऊक होतें?

या सगळ्याला कारण आमच्या सौभाग्यवती. त्यांचें माहेर मालवणचें. १६६४ ते १६६७ या काळांत शिवाजी महाराजांनीं बांधविलेला सिंधुदुर्ग ज्या किनाऱ्यावरून दिसतो, त्याच किनाऱ्यावर त्यांचें बालपण गेलें. समुद्र हा त्यांच्या दृष्टीनें घरचाच माणूस. पण घरच्या माणसाच्या मनांत काय असतें, तें आपणांस कधीं पाहावयास मिळत नाहीं, त्याप्रमाणें त्या समुद्राचें पोट त्यांनीं कधीं पाहिलें नव्हतें. आतां तेथें किल्ल्याच्या आसपास पर्यटकांना बुडी मारावयास नेतात. आम्हीं दोघांनींहि जावयाचें ठरविलें. परंतु तिच्या कानाची पूर्वीं शस्त्रक्रिया झालेली. पाण्यांत दहा मीटर खालीं गेलें कीं शरीरावरचा दाब दुप्पट होतो, आणि त्याचा पहिला मार कानाच्या पडद्यावर बसतो. डॉक्टरांनीं साफ 'नाहीं' म्हटलें.

मग मी एकटाच उतरलों. शिक्षकानें माझ्या पाठीवरच्या नळकांड्याला धरून मला एखाद्या गाठोड्यासारखें खालीं नेलें, पंधराएक मिनिटें फिरविलें आणि वर आणलें. ही होडींत बसून होती. तिनें टॉवेल पुढें केला आणि विचारलें, "काय पाहिलंत?"

मीं म्हटलें, "मासे."

"आणखी?"

"निळें निळें पाणी. खडक. मासे."

ती क्षणभर माझ्याकडे पाहत राहिली आणि म्हणाली, "अहो, जन्मभर मी या पाण्याकडे बघत आलें. आणि तुम्ही घाटावरचे लोक पंधरा मिनिटं आंत जाऊन 'मासे' म्हणून परत येतां!"

त्या बुडीचें चलच्चित्र नंतर आमच्या हातीं आलें. त्यांत आरंभापासून अखेरपर्यंत माझाच चेहरा होता: गाल फुगलेले, डोळे विस्फारलेले, आणि भोंवतीं पावाच्या तुकड्यांसाठीं जमलेले पट्ट्यापट्ट्यांचे मासे. समुद्र त्यांत जवळजवळ नव्हताच. तिनें तें एकदां पाहिलें आणि कांहीं न बोलतां दूरध्वनियंत्र बाजूस ठेवलें. त्याच रात्रीं कुडाळहून पनवेलकडे येणाऱ्या गाडींत मीं मनाशीं ठरविलें कीं, पुढच्या वेळीं स्वतः शिकून उतरावयाचें, आणि तिच्यासाठीं समुद्र घेऊन यावयाचा.

पावसाळ्यांत मालवणचा समुद्र बुड्या मारणारांस बंद असतो. त्यामुळें विचार करावयास मला चार महिने मिळाले. मुलगा म्हणाला, "बाबा, फोनला प्लॅस्टिकची पिशवी घाला नि न्या." ती पिशवी होळीच्या रंगापासून फोन वांचवील, चार पुरुष खोल पाण्यांत दाबानें ती फोनला घट्ट चिकटते, आणि पडद्याला बोटाचा स्पर्श कळेनासा होतो. भाच्यानें काडेपेटीहून थोडा मोठा असा ॲक्शन कॅमेरा सुचविला. तो घेऊन उडी मारली तरी कांहीं होत नाहीं, चलच्चित्रेंहि सुरेख येतात. परंतु त्याची दृष्टि फार विशाल. सगळा समुद्र त्यांत मावतो आणि समोरचा मासा मात्र तिळाएवढा होतो. शिवाय त्याला स्वतःचा दिवा नाहीं. एका दुकानांत गेलों, तर तेथल्या तरुणानें मला एकच प्रश्न विचारला: "काका, किती मेगापिक्सेल हवेत?" लग्नाच्या जेवणांत किती पदार्थ हवेत, असें विचारावें आणि मिठाचें नांवहि काढूं नये, तसा तो प्रश्न होता.

कारण पाण्याखालचें मीठ म्हणजे प्रकाश. पाणी आपल्याला रंगहीन दिसतें, पण तें मोठें लबाड आहे. सूर्यप्रकाशांतला तांबडा रंग तें सर्वांत आधीं गिळतें. चार-पांच मीटर खालीं तांबडा बहुतेक संपलेला असतो. त्याच्या मागोमाग नारिंगी जातो, मग पिवळा. आणि अखेर निळ्या-हिरव्याचें राज्य उरतें. ही चोरी केवळ खोलींतच होते असें नव्हे. कॅमेरा आणि वस्तु यांच्यामध्यें जेवढें पाणी असेल, तेवढीहि होते. म्हणून लांबचें जवळ आणणारें भिंग तेथें निरुपयोगी ठरतें. माणसानें स्वतःच जवळ गेलें पाहिजे, आणि मग आणखी थोडें जवळ. शिवाय जलचष्म्याच्या कांचेंतून सर्व वस्तु सुमारें एकतृतीयांशानें मोठ्या आणि पावपट जवळ दिसतात. पाणबुड्यांनीं सांगितलेला मासा नेहमीं मोठा कां असतो, याचा उलगडा मला तेव्हां झाला!

गेलेला रंग परत आणावयाचा असेल, तर दिवा बरोबर न्यावा लागतो. ही अडचण या विद्येइतकीच जुनी आहे. १८९३ सालीं फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावर लुई बूतां या शास्त्रज्ञानें पाण्याखालीं छायाचित्रें घेतलीं, तेव्हां त्यालाहि उजेडासाठीं मॅग्नेशियम जाळण्याची युक्ति योजावी लागली. १९२६ सालीं अमेरिकेंत फ्लॉरिडाजवळ लाँगली आणि मार्टिन या जोडीनें पाण्याखालचीं पहिलीं रंगीत छायाचित्रें घेतलीं, तीं तर तराफ्यावर मॅग्नेशियमच्या भुकटीचा भडका उडवून. आज तो भडका कॅमेऱ्याच्या कपाळावर एका टिकलीएवढ्या जागेंत मावतो. मात्र त्याचाहि एक दोष आहे. दिवा भिंगाच्या अगदीं शेजारीं असला, तर पाण्यांत तरंगणारा प्रत्येक कण उजळून निघतो आणि चित्रांत हिमवृष्टि झाल्यासारखी दिसते. मालवणचें पाणी कांहीं अंदमानचें नव्हे. त्यांत कण पुष्कळ. तेव्हां वस्तूच्या वीतभर अंतरावर जाणें, हाच त्याला उतारा.

एवढें कळल्यावर निवड दोन जातींच्या कॅमेऱ्यांवर येऊन ठेपली. एक जात 'एक इंची' संवेदकाची. हा इंच नांवाचाच. प्रत्यक्षांत तो तुकडा १३.२ मिलिमीटर लांब आणि ८.८ मिलिमीटर रुंद असतो. तरी लहान कॅमेऱ्यांतील नेहमींच्या संवेदकाच्या तो चौपट भरतो, आणि अंधुक उजेडांत हा चौपटपणा फार उपयोगी पडतो. परंतु हा कॅमेरा पाण्याला भितो. त्याला निराळी पारदर्शक पेटी लागते, आणि त्या पेटीची किंमत कॅमेऱ्याच्या बरोबरीनें जाते. पेटीचा सर्व भरंवसा एका रबरी कड्यावर. त्यावर डोक्याचा एक केस राहिला, तरी पाणी आंत शिरतें! म्हणून जाणते लोक पहिल्या बुडीला पेटी रिकामीच नेतात आणि आंत टिपकागद ठेवतात. तो कोरडा परत आला, तरच कॅमेऱ्याला प्रवेश.

दुसरी जात अंगानेंच जलाभेद्य. ऑलिंपसचा २०१९ सालीं आलेला टीजी-६ आणि त्याच्या पाठचा, ओएम सिस्टिम या नांवानें २०२३ मध्यें निघालेला टीजी-७ हे त्यांतले ठळक. पेटीवांचून ते पंधरा मीटरपर्यंत जातात. त्यांचा संवेदक लहान, परंतु भिंगापासून एक सेंटिमीटरवर असलेली वस्तूहि ते स्पष्ट टिपतात, आणि चित्र कच्च्या स्वरूपांत जपून ठेवतात, म्हणजे रंगांचा हिशेब घरीं येऊन सावकाश मांडतां येतो. मीं मनाशीं विचार केला. नवशिक्या पाणबुड्याची मर्यादा अठरा मीटर. आमच्या वयाचा माणूस दहाबारांच्या खालीं कशाला जाईल? मला प्रदर्शन भरवावयाचें नव्हतें. एका माणसाला एक समुद्र दाखवावयाचा होता. मीं टीजी-६ घेतला. थोडा वापरलेला मिळाला, म्हणून माझ्या देशावरच्या मनालाहि समाधान झालें.

परंतु कॅमेरा निवडणें हा या विद्येचा सोपा भाग, हें मला नोव्हेंबरांत कळलें. डॉक्टरांचा दाखला मिळवून, पोहण्याच्या तलावांत धडे गिरवून मीं मालवण गांठलें आणि पहिल्याच दिवशीं कॅमेरा मनगटाला बांधला. तेथल्या शिक्षकानें तो पाहिला आणि शांतपणें म्हटलें, "आदी पाण्यात ऱ्हवाक शिका, मगे फोटो काडा." मीं हंसून मान डोलावली आणि त्याचें ऐकलें नाहीं. खालीं एका घुमटासारख्या प्रवाळाजवळ एक चिमुकला मासा दिसला. त्याच्यामागें वळतांना माझ्या पायाचा पंखा त्या प्रवाळावर आपटला. एक पांढरा ओरखडा उमटला. असलीं प्रवाळें वर्षाला जेमतेम सेंटिमीटरभर वाढतात. माझ्या एका लाथेनें किती वर्षांची वाढ गेली, याचा हिशेब मला तेथेंच, पाण्याखालीं, करावा लागला. शिक्षकानें कांहीं केलें नाहीं. नुसता माझ्या मनगटावरचा पट्टा सोडून कॅमेरा स्वतःकडे घेतला. शाळेंत मास्तरांनीं भोंवरा जप्त केला, त्यानंतर इतकी लाज मला वाटली नव्हती.

ज्या समुद्राला ती घरचा माणूस मानीत होती, त्याला मी लाथ मारून आलों होतों. होडींत आल्यावर तिला मीं तें सांगितलें. ती बराच वेळ बोलली नाहीं. मग म्हणाली, "उद्यां कॅमेरा राहूं द्या. नुसते जा."

दोन दिवस मी नुसता गेलों. श्वासाबरोबर किंचित् वर येणें, उच्छ्वासाबरोबर किंचित् खालीं जाणें, हातपाय न हलवितां एका जागीं तरंगणें, एवढेंच केलें. आणि आश्चर्य असें कीं, कॅमेरा नसतांना मला पहिल्यानेंच मासे सोडून इतर गोष्टी दिसूं लागल्या: वाळूंतून निघणारे बुडबुडे, खडकाच्या सांवलींत दडलेला खेकडा, वरून झिरपणारा उन्हाचा पडदा. तिसऱ्या दिवशीं शिक्षकानें न मागतां कॅमेरा माझ्या हातांत दिला.

नेरूळला परतल्यावर आम्ही दोघें चित्रें पाहावयास बसलों. निम्म्यांत माशांच्या शेपट्या होत्या, कारण पुढचा भाग तोंवर निघून गेलेला! परंतु एका खडकाचीं दोन चित्रें होतीं. एक दिव्यावांचून घेतलेलें: सगळें निळसर करडें, आणि खडकावर राखेच्या रंगाचा एक स्पंज. दुसरें वीतभर अंतरावरून, दिवा लावून: तोच स्पंज, पण लालभडक, जास्वंदीसारखा.

"एवढा तांबडा होता?" तिनें विचारलें.

"मला तो राखेसारखाच दिसला," मीं खरें तें सांगितलें. "हा रंग मीं पाहिला नाहीं. कॅमेऱ्यानें पाहिला."

मला वाटलें, आतां ती म्हणणार कीं, हें चित्र खोटें. चार महिने मी त्या गेलेल्या रंगाचा पाठलाग करीत होतों, आणि तो हातीं आल्यावर माझ्याच मनांत शंका उभी राहिली होती: माझ्या डोळ्यांनीं जें पाहिलें नाहीं, तें मी तिला 'मीं पाहिलें' म्हणून कसें दाखवूं?

ती म्हणाली, "आमचं मालवणचं माजघर इतकं काळोखी होतं कीं, आई तिथं आरशावांचून कुंकू लावी. आंत तें काळंच दिसे. पण तें काळं आहे, असं आम्हांला कधीं वाटलं नाहीं."

या उत्तरापुढें माझें प्रकाशशास्त्र गप्प बसलें. दोन्ही चित्रें छापून आणलीं. तांबडें चित्र तिनें दिवाणखान्यांत लावलें आहे. आल्यागेल्यास तें ती कौतुकानें दाखविते, आणि रोहित पक्ष्यांच्या मागें लागणारे आमचे शेजारी त्यापुढें थोडा वेळ तरी निमूट उभे राहतात. निळें चित्र मात्र तिच्या कपाटांत, आईच्या फोटोशेजारीं असतें. हें असें कां, म्हणून मीं एकदां विचारलें.

"तें समुद्राचं चित्र आहे," ती म्हणाली, "आणि हें तुम्हीं पाहिलेल्या समुद्राचं. मला जातां आलं नाहीं. पण गेलें असतें, तर मलाहि असंच दिसलं असतं ना?"